आपण कूलरची जागा पुसली: नागपूरच्या वास्तुरचनाकारांना आणि इंटिरियर डिझायनरांना खुलं पत्र

नागपुरात घरं, दुकानं, फर्निचर यांची रेखाटनं करणाऱ्या आणि ती करायला शिकवणाऱ्या सर्व मित्रमैत्रिणींनो,

सप्रेम नमस्कार.

गेल्या मे महिन्यात, दुपारी तीनच्या सुमारास, मी मनीषनगरकडच्या एका फ्लॅटची बेल वाजवली. नऊ वर्षांपूर्वी त्या घराचं आतलं सगळं काम मी केलं होतं. काका-काकू दोघंच राहतात, मुलगा पुण्याला असतो. स्वयंपाकघरातल्या एका कपाटाचं दार निखळलं होतं म्हणून काकूंनी बोलावलं होतं. त्यांनी दार उघडलं आणि अंगावर दमट, चिकट हवा आली. हॉलच्या मधोमध, सोफा आणि टीव्ही यांच्यात, कूलर ठेवला होता. त्याच्या पाठीशी ना खिडकी, ना दार. आतलीच हवा तो ओढत होता आणि आतच फेकत होता. काकांचा बनियन घामाने पाठीला चिकटला होता. काकू म्हणाल्या, "मॅडम, कूलर लावाचा कुठी, तेच समजून नाही राहिलं. खिडकीत तर बसतच नाही."

खिडकीत तो बसत नव्हता, कारण ती खिडकी माझी होती. त्या हॉलला आधी चार फुटांची गॅलरी होती. गॅलरी आत घेऊन हॉल मोठा करायचा सल्ला मीच दिला. बाहेरच्या कडेला सरकत्या काचांची लांब खिडकी लावली, तिच्याखाली बसायला ग्रॅनाइटचा कट्टा केला, वर फॉल्स सीलिंग चढवलं. फोटो सुरेख आले. ते फोटो दाखवून मला पुढची कामंही मिळाली. काका-काकूंनी तेव्हा काही विचारलं नाही, कारण त्यांना वाटलं, मॅडमना कळत असेल. बेडरूममध्ये एसी आहे, पण पेन्शनीच्या घरात तो रात्रीचे दोन-तीन तास चालतो. दिवस काढायचा तो कूलरवर. आणि कूलरची जागा मी पुसून टाकली होती.

त्या दुपारपासून हे पत्र माझ्या डोक्यात आहे.

आपल्या ऑफिसांतले नकाशे काढून बघा. एसीच्या बाहेरच्या युनिटसाठी आपण भिंतीवर ओटा देतो. तांब्याच्या पाइपाची वाट आखतो, थेंबथेंब पाण्याची नळी कुठे उतरेल ते ठरवतो, 16 अँपिअरचा पॉइंट काढून ठेवतो. हे सगळं घरमालक एसी घेणार की नाही, हे कळण्याच्या आधी. कूलरसाठी यातलं एकही काम आपण करत नाही. मग तो माणूस दोन उन्हाळे कसेबसे काढतो आणि तिसऱ्या उन्हाळ्यात हप्त्यावर दुसरा एसी घेतो. आपण म्हणतो, लोकांच्या सवयी बदलल्या, आता कूलर कुणाला हवा? माझं म्हणणं असं की ती सवय नकाशात आधी बदलली आणि माणसात नंतर. शाश्वत राहणीवर आपण व्याख्यानं देतो, ऑफिसात झाडं ठेवतो, पण माणूस पुढची तीस वर्षं वीज किती जाळणार याचा मोठा भाग आपण पेन्सिलीने ठरवून मोकळे झालेलो असतो. ती जबाबदारी राहणाऱ्यावर ढकलणं मला आता पटत नाही.

कूलर ही मागासलेल्या घराची खूण आहे, असं आपल्यातल्या बऱ्याच जणांना मनातून वाटतं. मला स्वतःला तसं वाटत होतं. पण या शहराच्या हवेला इतकं नेमकं उत्तर दुसरं नाही. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडची दुपार हाडापर्यंत कोरडी असते. 43 अंशांची ती हवा कूलरच्या ओल्या ताटीतून खेचली की पाणी उडून जाताना तिची उष्णता घेऊन जातं आणि आत येणारी हवा 30 अंशांच्या आसपास उतरते. मुंबईत हे जमत नाही, तिथली हवा आधीच पाण्याने भरलेली. वाळ्याच्या ताट्या दारांना बांधून त्यांवर पाणी शिंपडण्याची रीत कूलरच्याही आधीची. आजही होळी झाली की या शहरात माळ्यावरचे कूलर खाली येतात, रस्त्याच्या कडेला वुडवूलच्या, म्हणजे लाकडाच्या बारीक तंतूंच्या, ताट्यांचे ढीग लागतात, पंप दुरुस्त करणाऱ्याला जेवायला फुरसत मिळत नाही. पहिल्या दिवशी ओल्या ताटीचा जो वास घरभर पसरतो, त्या वासावर इथली पोरं उन्हाळ्याची सुट्टी ओळखतात. एवढा जिवंत, एवढा स्वस्त, गल्लीतल्या मिस्त्रीला दुरुस्त करता येणारा तोडगा आपल्या हाताशी आहे आणि आपल्या एकाही प्रेझेंटेशनमध्ये तो दिसत नाही.

दीड टनाचा एसी जोरात चालतो तेव्हा साधारण 1,500 वॅट घेतो. घरगुती कूलर 200 वॅटच्या आसपास भागवतो. कोराडीच्या जगदंबेला जाताना तिथल्या वीज केंद्राची धुराडी आपण सगळेच बघतो. औष्णिक केंद्रात एका युनिटमागे अर्धा किलोहून जास्त कोळसा जळतो, आणि आपल्या देशी कोळशात तीस-चाळीस टक्के राख असते. म्हणजे हॉलमधल्या आपल्या एका चुकीच्या रेषेची राख कोराडी-खापरखेड्याच्या गावांच्या वाट्याला येते. ती राख ज्यांच्या धुणीभांड्यांवर बसते त्यांनी आपल्याला काम दिलेलं नसतं, आपली फी भरलेली नसते. तरी तेही आपल्या डिझाइनमध्ये राहतात, असं मी आता धरते.

पाण्याचं काय, हा प्रश्न रास्त आहे. मोठा कूलर भर दुपारी तासाला दहा लिटर किंवा त्याहूनही जास्त पाणी पितो, आणि मे महिन्यात पेंच धरणाच्या पाण्याची चिंता या शहराला असतेच. पण एसीही पाणी पितो, फक्त ते आपल्या घरात दिसत नाही, वीज बनवताना जातं. औष्णिक केंद्रांच्या पाणीवापरावर 2015 मध्ये जी मर्यादा घातली गेली, तीच मुळी एका युनिटला साडेतीन लिटरची होती. भांडेवाडीला शुद्ध केलेलं शहराचं सांडपाणी वीज केंद्रांना पुरवण्याचं काम नागपूरने करून दाखवलं, याचा मला अभिमान वाटतो. मग एका इमारतीच्या आंघोळीचं पाणी त्याच इमारतीच्या फ्लशला का जात नाही? तेवढं जमलं तर कूलरच्या पाण्याची भरपाई होऊन वर उरेल. दुसरी हरकत डेंग्यूची. तीही खरीच, कूलरच्या टाकीत डास होतात. पण का होतात? टाकी रिकामी करायला जागा नसते म्हणून. निचऱ्याची एक नळी त्या कोपऱ्यात आधीच दिलेली असेल तर आठवड्यातून एकदा टाकी कोरडी करायला पाच मिनिटं लागतात.

आणि जुलैत कूलर चालत नाही, हे मान्यच आहे. पाऊस पडून गेला की तो नुसता चिकचिकाट करतो. घरात आजारी माणूस असेल, तान्हं बाळ असेल, तर एसी लागतो आणि लागला तर जरूर लावावा. माझं भांडण एसीशी नाही. घराला दुसरा पर्यायच न ठेवण्याशी आहे.

खरं तर हिशेब सोपा आहे. केंद्र सरकारच्या 2018 च्या इको निवास संहितेत, म्हणजे घरांसाठीच्या ऊर्जाबचतीच्या नियमावलीत, नागपूर ज्या संमिश्र हवामानाच्या गटात येतं, त्यासाठी उघडणाऱ्या खिडक्या-दारांचं क्षेत्रफळ चटई क्षेत्राच्या किमान साडेबारा टक्के असावं असं म्हटलंय. 10 बाय 12 च्या एका खोलीपुरतं बोलायचं तर 15 चौरस फूट. आपण तिथे 5 बाय 4 ची सरकती खिडकी देतो. कागदावर 20 चौरस फूट दिसते, पण एक काच दुसरीवर सरकते, म्हणून उघडते फक्त 10. जुन्या घरांच्या लाकडी खिडक्यांची दारं पूर्ण उघडायची, वरचा आणि खालचा भाग वेगळा उघडायचा. खालून हवा, वरून उजेड, मध्ये आडोसा. महाल-इतवारीत अजून उभ्या असलेल्या वाड्यांत एखादी दुपार बसून बघा. माझे विद्यार्थी तिथे चौकटींवरची नक्षी काढतात. मी त्यांना आता बिजागऱ्या काढायला सांगते.

उन्हाबद्दल थोडं अधिक बोलते, कारण इथे आपण सगळ्यात जास्त उसनं आणतो. नागपूर कर्कवृत्ताच्या दक्षिणेला, 21 अंश अक्षांशावर. 26 मेच्या सुमारास सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या खांबाची सावली पायाखाली नाहीशी होते. त्यानंतर जुलैच्या मध्यापर्यंत दुपारचा सूर्य किंचित उत्तरेला असतो. याचा अर्थ आपल्या उन्हाळ्यात भिंतींआधी गच्ची भाजते. आपण गच्चीवर काय देतो? वॉटरप्रूफिंगचा काळपट थर आणि त्यावर पाण्याच्या टाक्या. त्याऐवजी पांढऱ्या चिनी तुकड्यांची फरशी किंवा दरवर्षी चुन्याचा हात दिला तर वरच्या मजल्यावरच्या माणसाला फरक हाताला लागतो. पूर्वी संध्याकाळी गच्चीवर पाणी मारून रात्री गाद्या टाकायची रीत होती. आता सोसायटीच्या गच्चीला कुलूप असतं आणि चावी कुणाकडे असते ते कुणालाच ठाऊक नसतं. जिन्याचं ते शेवटचं वळण अंधारं आणि अडगळीचं आपणच ठेवलं.

मग पश्चिम. वर्धा रोडवरून दुपारी चारनंतर जाताना त्या काचेच्या दर्शनी भागांकडे बघवत नाही, डोळे दिपतात. दक्षिणेचं ऊन छज्जाने अडवता येतं कारण ते उंचावरून येतं. पश्चिमेचं ऊन आडवं येतं, त्याला छज्जा पुरत नाही. उभ्या पट्ट्या, जाळी, वेल, झाड, नाहीतर सरळ भिंत, असं काहीतरी लागतं. साध्या काचेतून उन्हाची ऐंशी टक्क्यांहून अधिक उष्णता आत येते, हे आपण दुसऱ्या वर्षी शिकलेलो असतो. तरीही मेमध्ये दिवसाचा पारा 45 पर्यंत जाणाऱ्या शहरात पश्चिमेला काचेची भिंत उभी करतो, तिच्या आतून जाड पडदे लावतो, पडद्यामागे दिवसा दिवे लावतो आणि मग हे सगळं थंड करायला यंत्र बसवतो. ज्या देशांतून ही काच आली तिथे लोक उन्हासाठी आसुसलेले असतात, त्यांची घरं ऊन आत घ्यायला बनलेली. आपली गरज उलटी आहे. हे लिहिताना मला राग येतो, कारण अशा दोन शोरूम माझ्याही नावावर आहेत.

कपडे वाळत घालायला आपण जागा देत नाही. 44 अंशांच्या शहरात ओला टॉवेल अर्ध्या तासात कडक होतो आणि तरी लोक ड्रायरवालं मशीन घेतात. कारण दोरी दिसली तर एलिव्हेशन, म्हणजे इमारतीचं दर्शनी रूप, बिघडतं. आपल्या रेखाटनांत बाल्कनीत वेताची खुर्ची आणि एक कुंडी असते. खऱ्या घरात तिथे दोन चादरी, शाळेचे गणवेश आणि एक लुगडं असतं. एक तीन फुटांची, जाळीच्या आडची, वाऱ्याची पट्टी दिली तर एलिव्हेशनही राहील आणि दोरीही राहील. हे न सुटण्याइतकं अवघड कोडं नाही.

ओट्याखाली एकच कचऱ्याचा डबा बसेल एवढी जागा ठेवायची आणि ओला-सुका वेगळा करत नाही म्हणून बायकांना नावं ठेवायची, हेही त्याच जातीचं. घनकचऱ्याच्या 2016 च्या नियमांनंतर तरी दोन डब्यांची जागा नकाशात यायला हवी होती.

ज्या निखळलेल्या दारासाठी काकूंनी मला बोलावलं होतं, त्याची गोष्ट राहिली. ते कपाट भुशाच्या दाबलेल्या पाट्यांचं, वर चकचकीत लॅमिनेट. सिंकखालच्या ओलीने पाटी फुगली होती आणि बिजागरीचे स्क्रू पिठातून निघावेत तसे निघाले होते. मी माझ्या सुताराला फोन केला. त्याने फोटो बघून सांगितलं, "मॅडम, यात दुसरं भोक धरत नाही. अख्खं खोकं बदलावं लागेल." त्याच घरात देवघराखाली काकूंच्या सासूबाईंचं सागाचं कपाट आहे. त्याचं दार तीनदा तासलं गेलंय, बिजागऱ्या दोनदा बदलल्या, एक पाय नवा लावलाय, आणि ते अजून उभं आहे. आपल्या दक्षिणेला चंद्रपूर-गडचिरोलीत साग आहे, बांबू आहे, बांबूचं काम पिढ्यानपिढ्या करणारे बुरड आहेत. 2017 मध्ये कायदा बदलून जंगलाबाहेरचा बांबू झाडांच्या व्याख्येतून काढला गेला, त्यामुळे शेतातला बांबू तोडण्या-नेण्यातली मोठी अडचणही दूर झाली. आणि आपण मात्र बंद पेट्यांत आलेली, एकदाच जोडता येणारी खोकी ग्राहकाला 'मॉड्युलर' म्हणून विकतो. सगळं सागाचं करा असं मी म्हणत नाही, ते कुणाला परवडणार? पण निदान ओलीच्या जागी, सिंकखाली आणि बाथरूमलगत, पुन्हा स्क्रू धरेल असं लाकूड किंवा चांगला प्लाय वापरणं, आणि कुठला भाग सुटा काढून बदलता येईल हे घरमालकाला कागदावर लिहून देणं, एवढं आपल्या हातात आहे. मी या वर्षीपासून प्रत्येक कामाबरोबर असा कागद देते. पहिला लिहायला बसले तेव्हा लक्षात आलं की माझ्या निम्म्या वस्तूंबद्दल लिहिण्यासारखं काहीच नव्हतं.

इमारतीच्या भोवतीचंही आपणच ठरवतो. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीच्या काठच्या वस्त्यांत माणसं झोपेत असताना पाणी शिरलं. त्या पुराची कारणं अनेक होती आणि ती सगळी आपली नाहीत. पण कुंपणापासून कुंपणापर्यंत फरसबंदी करून पावसाचा थेंब जमिनीत शिरू न देणारी आवारं आपल्या सह्यांनी मंजूर झाली आहेत. ती सही माझीही होती.

आता तुमच्यातल्या बऱ्याच जणांच्या ओठांवर असलेलं वाक्य. "ग्राहकालाच हेच हवं असतं." बिल्डर म्हणतो तेवढेच फ्लॅट बसवावे लागतात, गॅलरी विक्रीच्या हिशेबात अडते, ग्राहक मोबाईलवर दुबईचं घर दाखवतो. मला हे सगळं माहीत आहे, मी याच धंद्यात वीस वर्षं आहे आणि माझ्याही ऑफिसचं भाडं याच कामांतून निघतं. पण एक आठवून बघा. वास्तुशास्त्रानुसार स्वयंपाकाचा ओटा आग्नेयेला हवा म्हणून ग्राहक अडला की आपण अख्खा नकाशा फिरवतो. वेळ काढतो, बीम हलवतो, मार्ग शोधतो. म्हणजे अडवणूक नकाशाची नसते. दिशेबद्दल ग्राहक बोलतो आणि उन्हाबद्दल कुणीच बोलत नाही. त्याच्या वतीने बोलायचं काम ज्याने पाच वर्षं ते शिकण्यात घालवली त्याचं आहे. डॉक्टर रुग्णाच्या आवडीचं औषध लिहून देत नाही.

मी अलीकडे एक साधी गोष्ट करते. पहिल्या बैठकीत रंगांच्या पट्ट्या काढायच्या आधी घरातल्यांना गेल्या मे महिन्याचं वीज बिल मागते. मग विचारते, दुपारी दोन ते पाच घरात कोण असतं आणि कुठे बसतं? नव्वद टक्के वेळा ते उत्तर बाईचं किंवा म्हाताऱ्या माणसाचं असतं, आणि बैठकीत तोवर त्यांनी तोंड उघडलेलं नसतं. त्यांना विचारलं की ते सांगतात. कूलर कुठे होता, पापड कुठे वाळायचे, माठ कुठल्या कोपऱ्यात सगळ्यात गार राहायचा. एका आजींनी मला त्यांच्या जुन्या घराच्या माठाची जागा बोटाने हवेत काढून दाखवली होती. उत्तरेची खिडकी, खाली वाळूचं आळं, वर छोटा झरोका. त्या कोपऱ्यात मी त्यांना नव्या घरात तेच दिलं. आरओचं मशीन शेजारीच आहे, पण त्यातलं पाणी त्या माठात भरतात.

जे शिकवतात त्यांना माझी वेगळी विनंती आहे. आपल्या शहरापासून 75 किलोमीटरवर सेवाग्राम आहे. गांधीजी तिथे 30 एप्रिल 1936 ला राहायला आले, म्हणजे वैशाखाच्या ऐन तडाख्यात. माती, बांबू, कवेलू आणि भोवती पडवी. त्या कुट्या आपण विद्यार्थ्यांना इतिहास म्हणून, डोकं झाकून, शांतपणे दाखवून आणतो, तेही बहुधा डिसेंबरात, हवा छान असते म्हणून. मे महिन्यात न्या. थर्मामीटर द्या. अंगणात, पडवीत, खोलीत आणि परत येऊन आपल्या कॉलेजच्या काचेच्या खोलीत तापमान मोजायला लावा. आणि ज्युरीत, म्हणजे कामाच्या परीक्षणात, जेव्हा पोरगं संगणकावर काढलेलं सुंदर रेंडर लावून उभं राहतं, तेव्हा त्याला विचारा की यात कूलर कुठे लागेल, ओला टॉवेल कुठे वाळेल आणि या कपाटाचं दार निखळलं तर कोण आणि कशाने बसवेल. उत्तर नसेल तर गुण कापा. ड्रॉइंगमधलं प्रमाण चुकलं तर कापताच ना.

तुम्हां सगळ्यांकडे माझं मागणं मोठं नाही. प्रत्येक घराच्या निदान एका बाहेरच्या भिंतीवर, शक्यतो उत्तरेला किंवा पूर्वेला, सावलीतला तीन बाय तीन फुटांचा ओटा काढा. त्याला पूर्ण उघडणारी खिडकी, पाण्याचा एक नळ, निचऱ्याची एक नळी आणि 6 अँपिअरचा एक पॉइंट. हवा बाहेर पडायला समोरच्या भिंतीत एक झडप. दिसायला नको असेल तर जाळीच्या आड घ्या, जाळी काढण्यात आपण वाकबगार आहोत. नकाशात त्याच्यावर स्पष्ट अक्षरांत 'कूलर' असं लिहा. मार्केटिंगवाला ते खोडायला सांगेल. खोडू नका.

काका-काकूंच्या घरी मी फेब्रुवारीत जाणार आहे, होळीच्या आधी. गॅलरी परत बाहेर काढणं आता शक्य नाही, पण सरकत्या खिडकीचा डावीकडचा भाग कापून तिथे पूर्ण उघडणारं लाकडी दार बसवायचं आणि बाहेर लोखंडी स्टँड द्यायचं, असं ठरलंय. खर्च माझा. सिंकखालचं खोकंही त्याच वेळी बदलेन. कूलर बसल्यावर समोरच्या बेडरूमच्या दारावरची झडप किती उघडावी लागेल याचा मला अजून नीट अंदाज नाही, कारण हे काम मी आयुष्यात प्रथमच करते आहे. ज्यांनी केलंय त्यांनी यावं आणि मला सांगावं. ज्यांच्या स्वतःच्या नकाशात असं एखादं घर अडकलंय त्यांनीही यावं. काकू चहा करतील, मोजपट्टी मी आणते.

आपली,
याच शहरात घरं सजवणारी एक सहव्यावसायिक
नागपूर